चल-नामपद्धती

चल-नामपद्धती : गणितात किंवा संगणकाच्या आज्ञावलीत ज्या राशीचे मूल्य बदलू शकते अथवा आरंभी अज्ञात असते, तिला चल किंवा अव्यक्त राशी म्हणतात. अशा राशीचा निर्देश करण्यासाठी योजलेले अक्षर, अक्षरसमूह किंवा शब्द म्हणजे चलनाम होय. एखाद्या ग्रंथकाराने, पाठशाळेने किंवा व्यावसायिकांच्या समूहाने चलनामे ठरविण्यासाठी जे नियम परस्परसंमतीने स्वीकारलेले असतात, त्यांस नामसंकेत म्हणतात. नाम बदलल्याने गणिताचे उत्तर बदलत नाही आणि यंत्रालाही नामाचा अर्थ कळत नाही. तथापि समीकरण मांडणाऱ्याचा हेतू दुसऱ्याला समजणे, चूक वेळीच ध्यानात येणे आणि मूळ कर्ता हयात नसतानाही त्याच्या कामाची दुरुस्ती करता येणे या तिन्ही गोष्टी नामावर अवलंबून असतात. त्यामुळे हा विषय गणिताइतकाच भाषेचाही आहे. त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे.

प्रारंभीच्या पद्धती : भारतीय गणितात अज्ञात राशीस आर्यभट (जन्म ४७६) यांनी आर्यभटीय (४९९) या ग्रंथात ‘गुलिका’ ही संज्ञा योजली आहे. भाखशाळी हस्तलिखितात अज्ञात राशीची जागा रिकामी ठेवून तेथे टिंब देण्याची रीत आढळते. तेच टिंब शून्याचेही चिन्ह असल्यामुळे ‘येथे काही नाही’ आणि ‘येथे काय आहे ते अद्याप ठाऊक नाही’ या दोन अर्थांचा निर्णय वाचकाला संदर्भावरून करावा लागे. एकाहून अधिक अज्ञात राशी आल्या की हा संदिग्धपणा असह्य होई. म्हणून काही उदाहरणांत प्रथम, द्वितीय, तृतीय या क्रमवाचक शब्दांची आद्याक्षरे प्र, द्वि, तृ अशी वापरलेली दिसतात. एका चिन्हाने दोन अर्थ वाहू नयेत, ही नामपद्धतीची पहिली गरज येथे स्पष्ट होते.

ब्रह्मगुप्त यांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात अनेक अव्यक्त राशींसाठी ‘वर्ण’ ही संज्ञा येते. संस्कृतात वर्ण या शब्दाचे रंग व अक्षर असे दोन्ही अर्थ होतात. पुढील ग्रंथकारांनी पहिल्या अव्यक्तास यावत्तावत् (म्हणजे ‘जितके तितके’) आणि त्यानंतरच्या अव्यक्तांस रंगांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. अरबी बीजगणितात अज्ञात राशीला ‘शय्’ म्हणजे वस्तू असे म्हणत. तिच्याशी तुलना करता भारतीय पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात अज्ञात राशींची एक मालिकाच तयार होती व गरजेनुसार ती वाढविता येत होती.

भास्कराचार्यांची वर्णपद्धती : या पद्धतीचे सर्वांत सुव्यवस्थित रूप भास्कराचार्य (दुसरे) यांच्या बीजगणित या ग्रंथात आढळते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये झाला व वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला. आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यात असल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या कुलाची परंपरा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे दीर्घकाळ टिकून होती. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या छावणी भागातून पडेगाव, दौलताबाद, वेरूळ व कन्नड या मार्गाने औट्रम घाट उतरला की चाळीसगावचा परिसर लागतो. देवगिरी हे यादवांचे राजधानीचे ठिकाण आणि पाटण हे विद्येचे ठिकाण अशा रीतीने एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांस वसलेले होते.

भास्कराचार्यांनी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक, हरितक, श्वेतक, चित्रक, कपिलक, पिंगलक, धूम्रक, पाटलक इ. नावांची मालिका दिली असून समीकरण मांडताना त्यांची या, का, नी, पी, लो अशी आद्याक्षरे वापरली आहेत. ज्ञात संख्येपूर्वी ‘रू’ (रूप) हे अक्षर लिहिले जाई. वर्ग दाखविण्यासाठी ‘व’, घन दाखविण्यासाठी ‘घ’, दोन अव्यक्तांचा गुणाकार दाखविण्यासाठी ‘भा’ (भावित) आणि करणीसाठी ‘क’ ही अक्षरे होती. ‘या व ३’ म्हणजे पहिल्या अव्यक्ताच्या वर्गाची तिप्पट; ‘या का भा ५’ म्हणजे पहिल्या व दुसऱ्या अव्यक्तांच्या गुणाकाराची पाचपट. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. अशा रीतीने कोणती राशी, तिचा कोणता घात आणि ती ज्ञात की अज्ञात, एवढी माहिती दोन-तीन अक्षरांत सामावली जाई.

उदाहरणार्थ, एका व्यापाऱ्याजवळ ६ घोडे व ३०० रूपे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे असून त्याला १०० रूपे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी असल्यास एका घोड्याची किंमत किती, असा एक प्रश्न बीजगणितात आहे. त्याची मांडणी दोन ओळींत एकाखाली एक अशी होते : वरच्या ओळीत ‘या ६ रू ३००’ आणि खालच्या ओळीत ‘या १० रू १००’, यांपैकी शेवटच्या शंभरावर ऋणाचे टिंब. दोन्ही पक्षांतून समान राशी वजा केल्यावर ‘या ४’ बरोबर ‘रू ४००’ असे उरते. यावरून घोड्याची किंमत १०० रूपे व प्रत्येकाची संपत्ती ९०० रूपे येते. येथे ‘या’ हे अक्षर घोड्याविषयी काहीच सांगत नाही. म्हणून गणित सोडविण्यापूर्वी एका घोड्याच्या किमतीचे मान यावत्तावत् कल्पिले आहे, असे स्पष्ट विधान करावे लागते. ही ‘कल्पना’ म्हणजे आजच्या संगणकशास्त्रातील चलाच्या घोषणेचे पूर्वरूपच होय. नाव लहान असले तरी चालते, पण ते कशाचे नाव आहे हे एकदा सांगितल्याशिवाय चालत नाही, हा दंडक या ग्रंथात कटाक्षाने पाळलेला दिसतो.

आद्याक्षरांचा हा संक्षेप साधनांच्या मर्यादेतूनही आला. आकडेमोड पाटीवर धूळ पसरून केली जाई. जागा थोडी असे आणि काम झाले की लिहिलेले पुसून टाकावे लागे. सूत्रे व संज्ञा श्लोकबद्ध असून पाठ केलेल्या असत. वाचकाच्या स्मरणात पूर्ण मालिका आधीच असल्यामुळे पाटीवर एक अक्षर पुरे. संक्षेप हा असा सामायिक स्मरणावर उभा असतो. ते स्मरण तुटले की तेच अक्षर मुके होते.

नारायण पंडित (चौदावे शतक) यांनी या पद्धतीचा विस्तार केला. रंगांऐवजी ककारादी अक्षरे, मधुरादी रसांची नावे किंवा भिन्न आद्याक्षरे असलेल्या वस्तूंची नावेही घेता येतील, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यातील ‘भिन्न आद्याक्षरे’ ही अट मार्मिक आहे. माणिक्य, नील आणि मुक्ता यांच्या किमती काढावयाच्या असतील, तर मा, नी, मु ही नावे वस्तूंचे स्मरण करून देतात व एकमेकांपासून वेगळीही राहतात. मात्र याच उदाहरणात कोणी रंगांची मालिकाही वापरली, तर ‘नी’ म्हणजे नीलमणी की नीलक हा तिसरा अव्यक्त, असा घोटाळा होईल. दोन्ही संकेत आपापल्या जागी निर्दोष असूनही त्यांची सरमिसळ सदोष ठरते. आजच्या मोठ्या आज्ञावलींत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका याच जातीच्या असतात.

परंपरेचे जतन व खंड : नामसंकेत ग्रंथात लिहून ठेवल्याने जगत नाही, तो शिकविणारी संस्था असावी लागते. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी होते व नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी होते. चांगदेवांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला आणि त्याला निकुंभ वंशातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये दान दिले. हा वृत्तांत ज्या शिलालेखात आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–७४) यांनी उजेडात आणून १८६५ मध्ये विद्वानांपुढे मांडला. बीजगणिताच्या संज्ञा पिढ्यान्‌पिढ्या एकाच अर्थाने चालू राहण्यास अशा मठांचा व त्यांतून निर्माण झालेल्या टीकाग्रंथांचा मोठा आधार होता.

बीजगणित ग्रंथाचे फार्सी भाषांतर अता अल्ला रशीदी यांनी १६३४–३५ मध्ये करून ते शाहजहानला अर्पण केले. ते वास्तुशिल्पी उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र होत. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला व हंसपतराय ही नावे आली असून त्यांतील अताउल्ला म्हणजे हेच भाषांतरकार होत, असे सामान्यतः मानले जाते. सह्याद्रीच्या परिसरात रचलेला ग्रंथ उत्तरेत जाऊन फार्सीत उतरला आणि त्याच्या भाषांतरकाराचे नाव वास्तुशिल्पी म्हणून पुन्हा याच परिसरात कोरले गेले. पुढे १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

दरम्यान यूरोपात स्वतंत्रपणे दुसरा संकेत रूढ झाला होता. फ्रान्स्वा व्हिएत (१५४०–१६०३) यांनी १५९१ मध्ये अज्ञात राशींसाठी स्वर व ज्ञात राशींसाठी व्यंजने योजली. रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात रोमन वर्णमालेतील आरंभीची अक्षरे ज्ञात राशींसाठी आणि शेवटची एक्स, वाय, झेड ही अक्षरे अज्ञात राशींसाठी वापरली. हीच पद्धत पुढे सर्वत्र पसरली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर ती महाराष्ट्रात आली आणि या-का-नी ही मालिका शालेय गणितातून लोपली. मराठी ग्रंथकारांनी काही काळ अ, ब, क व क्ष, य अशी देवनागरी अक्षरे योजून पाहिली. त्या प्रयत्नाची एक खूण मराठीत कायम आहे : राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेल्या, स्वरूप अज्ञात म्हणून ‘एक्स’ हे अक्षर लावलेल्या किरणांना मराठीत आजही क्ष-किरण म्हणतात. सध्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांतही रोमन अक्षरेच चलनामे म्हणून येतात. जागतिक व्यवहाराच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी ‘जितके तितके’ असा स्वतःचा अर्थ स्वतःच सांगणारे नाव त्यामुळे विद्यार्थ्याच्या कानावरून गेले, हेही खरे.

संगणक भाषांतील नामे : आरंभीच्या संगणकांत चलाला नाव नसे, स्मृतीतील जागेचा क्रमांक हाच त्याचा निर्देश असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनविलेल्या व १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची गाभा-स्मृती २,०४८ शब्दांची होती. अशा यंत्रांच्या यंत्रभाषेत काम करताना कोणत्या क्रमांकाच्या जागेत कोणती राशी ठेवली आहे, याची नोंद कागदावर ठेवावी लागे. मध्येच एक आज्ञा वाढविली की पुढील क्रमांक बदलत आणि जुनी नोंद निरुपयोगी होई. या जाचातून सुटका करण्यासाठी प्रथम सांकेतिक पत्ते व नंतर उच्च स्तरीय भाषा निर्माण झाल्या. याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला.

आयबीएम कंपनीने १९५७ मध्ये प्रचारात आणलेल्या फोर्ट्रान भाषेत चलनाम कमाल सहा अक्षरांचे असे. आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू होणारे नाव पूर्णांकाचे आणि इतर अक्षरांनी सुरू होणारे नाव अपूर्णांकयुक्त संख्येचे मानले जाई. गणितात क्रमदर्शक पूर्णांकांसाठी आय, जे, के, एन ही अक्षरे वापरण्याची जी जुनी रीत होती, तिलाच येथे यंत्राच्या नियमाचे रूप मिळाले. या भाषेत नाव आगाऊ जाहीर करण्याची सक्ती नव्हती, तसेच शब्दांमधील रिकामी जागाही मोजली जात नसे. परिणामी पुनरावृत्तीच्या आज्ञेत स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडले, तर ‘डीओ’, ‘१०’ आणि ‘आय’ हे तुकडे जोडले जाऊन ‘डीओ१०आय’ नावाचा नवाच चल निर्माण होई. यंत्र कोणतीही तक्रार न करता चुकीचे काम करी. सर्व नावे जाहीर करण्याची सक्ती करणारी आज्ञा फोर्ट्रानच्या प्रमाण स्वरूपात १९९० च्या आवृत्तीत आली. ‘कल्पना’ आधी सांगावी, या बीजगणितातील दंडकाकडे संगणकशास्त्र अशा रीतीने अनुभवाने परत आले.

व्यापारी कामासाठी १९५९–६० मध्ये तयार झालेल्या कोबोल भाषेत ३० अक्षरांपर्यंत, जोडरेषांनी सांधलेली नावे देता येत. हिशेबनिसाला वाचता येईल अशी आज्ञावली हे तिचे उद्दिष्ट होते. याउलट १९६४ च्या मूळ बेसिक भाषेत एक अक्षर किंवा एक अक्षर व एक अंक एवढेच चलनाम चाले. पुढे स्मृती स्वस्त झाली, नावांवरील मर्यादा शिथिल झाल्या आणि ‘किती लांब नाव देता येते’ याऐवजी ‘कसे द्यावे’ हा प्रश्न पुढे आला. अनेक शब्दांचे नाव लिहिताना शब्दांमध्ये अधोरेषा घालणे किंवा प्रत्येक नव्या शब्दाचे आद्याक्षर मोठे लिहिणे, अशा दोन रीती मुख्यतः प्रचलित झाल्या. उंटाच्या पाठीसारखा उंचवटा दिसत असल्यामुळे दुसऱ्या रीतीला उंटाचे नाव मिळाले. पायथन भाषेसाठी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शैलीपत्रकाने पहिली रीत पुरस्कारिली. जावा भाषेच्या व्यवहारात दुसरी रूढ आहे. यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे म्हणता येत नाही. एका आज्ञावलीत एकच पाळावी, एवढेच महत्त्वाचे.

मूळचे हंगेरीचे चार्ल्स सिमोन्यी यांनी १९७० नंतरच्या दशकात नावाच्या आरंभी राशीचा प्रकार दर्शविणारी अक्षरे जोडण्याची पद्धत सुचविली. तिला हंगेरियन संकेत म्हणतात. राशी कोणत्या हेतूची आहे हे सांगावे, असा मूळ विचार होता. परंतु प्रत्यक्षात ती स्मृतीत किती जागा व्यापते एवढेच सांगण्याकडे अनेकांचा कल झाला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत १६ बिटांच्या शब्दाची खूण म्हणून ‘डब्ल्यू’ हे अक्षर लावलेले ‘डब्ल्यूपॅरम’ हे नाव, ती राशी ३२ बिटांची झाल्यावरही तसेच राहिले. बदलणारी गोष्ट नावात कोरली की कालांतराने नाव खोटे बोलू लागते, याचे हे प्रसिद्ध उदाहरण होय.

नामदोषांचे परिणाम : नामातील उणीव केवळ वाचकाची गैरसोय करून थांबते असे नाही. अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. भूकेंद्रावरील एक आज्ञावली आवेगाची मूल्ये पौंड-बल-सेकंद या एककात देत होती आणि ती स्वीकारणारी आज्ञावली न्यूटन-सेकंद हे एकक गृहीत धरत होती. दोहोंत सु. ४·४५ पटींचा फरक आहे. संख्या बरोबर होत्या. त्या कशाच्या आहेत हे त्यांच्याबरोबर पोहोचले नाही.

असा धोका आपल्याकडील नित्याच्या दप्तरांतही आहे आणि मराठवाड्याच्या इतिहासामुळे तो अधिकच जाणवतो. निजामाच्या राजवटीतील महसुली कागदांवर फसली सन असे व त्यात आणि इसवी सनात सु. ५९० वर्षांचा फरक आहे. शिलालेखांवर शक असतो व तो इसवी सनाहून ७८ वर्षांनी मागे असतो. जुन्या कागदांची संगणकीय सूची करताना रकान्याला नुसते ‘वर्ष’ असे नाव दिले, तर तीन कालगणनांचे आकडे एकाच रांगेत बसतात आणि क्रम लावणारे यंत्र निमूटपणे चुकीचा इतिहास रचते. जमिनीच्या नोंदीत ‘क्षेत्र’ एवढेच नाव असेल, तर ४० हा आकडा ४० आर आहे की ४० गुंठे, म्हणजे एक एकर, हे कळत नाही. ‘क्रमांक’ एवढेच नाव असेल, तर तो सर्व्हे क्रमांक की एकत्रीकरणानंतरचा गट क्रमांक हा प्रश्न उरतो. एका शेतकऱ्याच्या वहिवाटीचा निकाल अशा एका शब्दावर अवलंबून असू शकतो. ‘फसली_वर्ष’, ‘क्षेत्र_आर’, ‘गट_क्रमांक’ अशी नावे दिली असता हे संदेह मुळातच निर्माण होत नाहीत.

छावणी हा शब्द याच दृष्टीने उद्‌बोधक आहे. मूळ अर्थ छप्पर घालून केलेला निवारा. पावसाळ्यात फौजा जेथे मुक्काम करीत तेही छावणीच. पुढे लष्कराच्या कायम वस्तीला हे नाव मिळाले आणि छत्रपती संभाजीनगरात ते एका विशिष्ट भागाचे विशेषनाम झाले. तथापि मराठवाड्यातील ग्रामीण माणूस दुष्काळाच्या वर्षी छावणी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात गुरांसाठी उघडलेली चारा-छावणी असते. २०१२–१३ व २०१८–१९ च्या दुष्काळांत हाच अर्थ प्रत्येकाच्या तोंडी होता. बोलताना संदर्भ अर्थ सांगून जातो. जिल्ह्याच्या माहितीकोशात मात्र ‘छावणी_संख्या’ हा रकाना मनुष्यवस्तीचा की जनावरांचा, हे यंत्र ओळखू शकत नाही. नाव कोणत्या मर्यादेत कोणता अर्थ धारण करते, या मर्यादेस संगणकशास्त्रात व्याप्ती म्हणतात. व्याप्ती लहान असेल तर लहान नाव पुरते. ती जितकी मोठी, तितके नाव अधिक सांगणारे असावे लागते. घोड्यांच्या उदाहरणात चार ओळींपुरते ‘या’ पुरले, हजारो ओळींच्या आज्ञावलीत ते पुरणार नाही.

उलट पक्षी, सर्वांच्या नित्य परिचयाचे नाव सांकेतिक असूनही उत्तम काम करते. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोन आकड्यांतून बनलेला ‘सातबारा’ हा शब्द जमिनीविषयी काहीच वर्णन करीत नाही, तरी महाराष्ट्रातील कोणाही खातेदाराला तो समजतो. वर्णनात्मक नाव नेहमीच श्रेष्ठ असे नव्हे. परिचय हाही अर्थाचाच एक प्रकार आहे. मात्र असा परिचय नसलेल्या ठिकाणी सांकेतिक नाव नेले की ते कोडे बनते.

नामांतराचा प्रश्नही येथेच येतो. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. औरंगाबाद शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नाव हे समाजाच्या आत्मसन्मानाचे व स्मृतीचे वाहक असल्यामुळे ते बदलते आणि बदलण्यामागे दीर्घ लढेही असतात. म्हणून माहितीकोशात स्थळाचे किंवा संस्थेचे प्रचलित नाव हीच ओळखीची किल्ली करू नये. न बदलणारा संकेतांक आत ठेवून नाव हे त्याला जोडलेले, कालखंडासह नोंदलेले गुणवर्णन मानावे, असा नियम आहे. त्यामुळे जुन्या पदवीपत्रावरील नाव आणि आजचे नाव एकाच संस्थेशी जुळतात व कोणतेही नाव पुसावे लागत नाही.

देवनागरी चलनामे : दीर्घकाळपर्यंत संगणक भाषांत केवळ रोमन अक्षरे चालत. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला. जावा भाषेने आरंभापासून आणि पायथनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे मान्य केली आहेत. तरीही काही अडचणी आहेत. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे हा भेद नसल्यामुळे त्यावर आधारलेले संकेत लागू पडत नाहीत. गो या भाषेत नाव बाहेरच्या आज्ञावलींना खुले आहे की नाही, हे पहिल्या मोठ्या अक्षरावरून ठरते. शिवाय तिच्या नियमात जोडचिन्हे वगळलेली असल्यामुळे काना-मात्रा असलेली नावेच तेथे चालत नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु त्यांपैकी अदृश्य जोडचिन्ह असलेले रूप पायथन स्वीकारत नाही. ‘अंतर’ व ‘अन्तर’ हे वाचकाला एकच, यंत्राला दोन चल. म्हणून देवनागरी नावे वापरणाऱ्या गटाने शुद्धलेखनाचा एकच नियम आधी ठरविणे अपरिहार्य आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिल्याने ही अडचण टळते असेही नाही. ‘क्षेत्र’ हा शब्द तीन-चार प्रकारे लिहिला जातो.

आंतरराष्ट्रीय सहकार्याने चालणाऱ्या कामात इंग्रजी नावे सोयीची ठरतात, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या संकल्पना मूळ मराठीच आहेत, उदा., सातबारा, फेरफार, गट, पोटखराबा, त्यांची नावे इंग्रजीत ओढूनताणून भाषांतरित केली तर जाणकारालाही ती ओळखू येत नाहीत. तेथे मराठी शब्दच शास्त्रीय दृष्ट्या अधिक अचूक असतो.

सर्वमान्य तत्त्वे : वरील इतिहासावरून काही तत्त्वे निष्पन्न होतात. एका नावाचा एका व्याप्तीत एकच अर्थ असावा व एका अर्थाला एकच नाव असावे. नाव वापरण्यापूर्वी ते कशाचे आहे हे जाहीर करावे. परिमाण असलेल्या राशीच्या नावात एकक व कालाच्या नावात गणना यावी. नावात राशीचा हेतू सांगावा, यंत्रातील तात्पुरती रचना सांगू नये. निकटची नावे आद्याक्षरांतच भिन्न असावीत. राशीचा अर्थ बदलला तर नावही त्याच वेळी बदलावे. संकेत कोणताही असो, तो लिहून ठेवावा व नव्या माणसाला शिकवावा.

यांतील शेवटचे तत्त्व सर्वांत सहज विसरले जाते. ‘या व’ किंवा ‘का नी भा’ ही अक्षरे आज वाचता येतात, ती केवळ भास्कराचार्यांनी ग्रंथात नावे स्पष्ट केली व पुढील अध्यापकांनी आणि टीकाकारांनी ती शिकविली म्हणून. ज्या आज्ञावलींच्या आधारे आज जमिनींचे, पदव्यांचे व वेतनांचे हिशेब चालतात, त्या लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक काळ वापरात राहतात. त्यांतील नावांचा अर्थ नोंदलेला नसेल, तर त्या दुरुस्त करू पाहणाऱ्याची अवस्था टिंबाकडे पाहून ते शून्य आहे की अज्ञात आहे, असा विचार करणाऱ्या भाखशाळी हस्तलिखिताच्या वाचकासारखी होते.